वन्यजीव छायाचित्रण : फिल्मकडून डिजिटलकडे

वन्यप्राण्यांच्या छायाचित्रणात खरी अडचण अंतराची असते. ताडोबात जिप्सीतून उतरण्यास मनाई आहे, तर भिगवणला रोहित पक्षी आणि काठ यांच्यामध्ये उजनीचे पाणी पसरलेले असते. म्हणून ३०० ते ६०० मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्सला येथे पर्याय नाही. फिल्मची जागा डिजिटल कॅमेऱ्याने घेतली तेव्हाही यांतील अनेक लेन्स तशाच उपयोगी पडल्या; निकॉनचे एफ माउंट १९५९ पासूनचे आणि कॅननचे ईएफ माउंट १९८७ पासूनचे. बदलले ते लेन्सच्या मागचे सारे.

छपाईसाठी काम करणारे छायाचित्रकार स्लाइड फिल्म वापरीत. फुजीची १९९० मध्ये आलेली वेल्विया रंगांसाठी नावाजली गेली, पण तिची संवेदनक्षमता अवघी आयएसओ ५०. वाघ बाहेर पडतो तो पहाटे किंवा तिन्हीसांजेला. दाट सावलीत आयएसओ १००ची फिल्म आणि एफ ५.६ छिद्र असेल, तर शटरगती सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास येते. ४०० मिलिमीटर लेन्स हातात धरून स्थिर चित्र मिळवायचे, तर ती निदान चारशेवा भाग हवी. हे गणित जुळवण्यासाठी बीनबॅग, ट्रायपॉड आणि बराचसा नशिबाचा भाग लागे. एका रोळात ३६ चित्रे. सदतिसाव्या क्षणी वाघ रस्ता ओलांडू लागला, तर रोळ गुंडाळला जाईपर्यंत तो झाडीत दिसेनासा झालेला असे. चित्र कसे आले हे प्रयोगशाळेतून स्लाइड परत आल्यावरच कळे.

निकॉनचा डी१ १९९९ मध्ये आला, तेव्हा त्यात जेमतेम २.७ मेगापिक्सेल होते. कॅननचा ३००डी (२००३) आणि निकॉनचा डी७० (२००४) यांनी सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा हौशी मंडळींच्या आवाक्यात आणला. त्यांचा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान असल्याने ४०० मिलिमीटरची लेन्स कॅननवर ६४०, तर निकॉनवर ६०० मिलिमीटरसारखी भासे. ‘फुकटची लेन्स’ म्हणून याचे फार कौतुक झाले. वास्तविक लेन्सची ताकद वाढत नव्हती; सेन्सर चित्राचा फक्त मधला भाग घेत होता. शिवाय सहा मेगापिक्सेलचे चित्र लांबी-रुंदीत निम्मे कापले, की हाती दीडच उरत.

खरी क्रांती झाली ती संवेदनक्षमतेत. आयएसओ १०० वरून १६०० वर जाता आले, की वरच्या उदाहरणातील तिसावा भाग थेट पाचशेवा होतो. आरंभीच्या कॅमेऱ्यांत याची किंमत खरखरीत दाण्यांच्या रूपाने मोजावी लागे. २००७ मध्ये आलेल्या निकॉन डी३ ने आयएसओ ६४०० पर्यंत वापरण्याजोगे चित्र दिले आणि तिन्हीसांजेचे जंगल छायाचित्रकारांना खुले झाले.

काही दुखणी मात्र नव्याने आली. फिल्मवर बसलेला धूलिकण पुढच्या चित्रासोबत सरकून जाई. सेन्सरवरचा तेथेच ठाण मांडून प्रत्येक चित्रात उमटतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात उघड्या जिप्सीत लेन्स बदलणे म्हणूनच टाळावे. बगळ्याची पांढरी पिसे जास्त प्रकाशाने एकदा जळाली, की स्लाइडप्रमाणेच डिजिटलमध्येही परत येत नाहीत. आणि दुपारच्या तापलेल्या हवेतली थरथर कोणत्याही सेन्सरला दूर करता आलेली नाही. तेथे जवळच्या प्राण्यावर समाधान मानावे, हे उत्तम.

जास्त मेगापिक्सेलमुळे दुरून घेतलेले चित्र कापूनही चांगले राहते. मग जवळ जाण्याची गरज उरू नये. तरीही वाघ दिसताच ‘अजून थोडे पुढे घ्या’ असा आग्रह चालकाकडे धरला जातोच, आणि मोबाइलवाले पर्यटक तर दहा पावलांच्या अंतराशिवाय खूश होत नाहीत. घरट्याबाबत हा हट्ट अधिक घातक ठरतो. फार जवळ गेल्याने बिथरलेला पक्षी उडून जातो. अंडी उन्हात उघडी पडतात, कावळ्याला वाट सापडते. घरट्याचे चित्र लांब लेन्सनेही नच काढलेले बरे, असे अनेक जाणकार मानतात.

घरात जुन्या स्लाइड असतील, तर त्या स्कॅन करून घ्याव्यात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्यांवर बुरशी लवकर धरते. न धुतलेला कोडाक्रोमचा रोळ मात्र आता रंगीत धुऊन मिळत नाही. ती प्रक्रिया करणाऱ्या कॅन्सस राज्यातील पार्सन्सच्या शेवटच्या प्रयोगशाळेने डिसेंबर २०१० अखेर हे रोळ घेणे थांबवले.