वेखंडाची कुळकथा

वेखंड ही उथळ गोड्या पाण्यात वाढणारी बहुवर्षायू वनस्पती. तलवारीच्या पात्यासारखी उभी पाने, चिखलात आडवे पसरणारे सुगंधी खोड आणि चपट्या दांड्याच्या बाजूने फुटणारे हिरवट-पिवळे कणीस ही तिची खूण. डहाणू खाडीच्या खाऱ्या चिखलात तिवर वाढते, वेखंड नाही. त्यामुळे तिथल्या मसोलीसारख्या गावाला वेखंड ओळखीचे असते ते काष्ठौषधींच्या दुकानातल्या वाळक्या, गाठाळ तुकड्यांमुळे.

लिनिअसने 1753 साली त्याला अकोरस कॅलॅमस हे नाव दिले. कणसावरून ते दीर्घकाळ अळू-सुरणाच्या कुळात गणले गेले. पण अळूच्या कणसाभोवतीचे द्रोणासारखे आवरण वेखंडाला नाही. घसा खाजवणारे सुईसारखे स्फटिकही त्यात नाहीत; उलट सुगंधी तेलाच्या पेशी आहेत. 1990 नंतर जनुकांची तुलना झाली आणि गुंता सुटला. गवते, ताड, केळी, आमरी या साऱ्या एकदलिकितांपासून सर्वांत आधी वेगळी झालेली, आजही हयात असलेली शाखा वेखंडाची निघाली. एवढ्या जुन्या वंशाच्या अकोरेसी कुळात आज अकोरस ही एकच प्रजाती (जीनस) उरली आहे.

युरोपातले वेखंड त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेले. भारतातही हा प्रकार आढळतो. त्याला बी धरत नाही. खोडाचा तुकडा पाण्याने वाहून नेला किंवा माणसाने लावला, तरच ते पसरते. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसिअसने 1574 च्या सुमारास व्हिएन्नात तुर्कस्तानाकडून आलेले वेखंड लावले, आणि तिथून ते युरोपभर गेले.

चरकसंहितेत ते ‘वचा’ नावाने येते. मराठी घरांत ते बाळगुटीत उगाळतात, न्हाऊ घातल्यावर बाळाला त्याची पूड लावतात, धुरीत टाकतात. कसर लागू नये म्हणून पोथ्या-पुस्तकांत तुकडे ठेवतात. त्याच्या तेलात बीटा-असॅरोन असते. चतुर्गुणित प्रकारात ते सर्वाधिक, द्विगुणितात जवळपास नसते. उंदरांमध्ये त्याने गाठी झाल्याचे दिसल्यावर अमेरिकेने 1968 साली खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी केली. म्हणून तान्ह्याला ते चाटवण्याआधी वैद्याला विचारणेच बरे.

शोभेसाठी पूर्व आशियातील ठेंगणे अकोरस ग्रॅमिनिअस अधिक लावतात. पिवळ्या किंवा पांढऱ्या पट्ट्यांच्या पानांचे त्याचे प्रकार तळ्याच्या काठी वर्षभर टवटवीत राहतात. मत्स्यालयासाठीही ते विकले जाते, पण कायम बुडालेले राहिले तर फार काळ जगत नाही. जपानात 5 मे रोजी मोठ्या वेखंडाची पाने स्नानाच्या गरम पाण्यात सोडतात.