बाभळीखालची प्रतिज्ञा

संप म्हटला की दगडफेक आलीच, अशी पुष्कळांची समजूत असते. १९१८ साली अहमदाबादेत जे घडले ते म्हणूनच आम्हांला आजच्या विषयासाठी मोलाचे वाटते.

१९१७ च्या प्लेगात कामगार गाव सोडून पळू नयेत म्हणून गिरणीवाल्यांनी विणकरांना भरघोस बोनस दिला होता. साथ ओसरली तसा तो बंद झाला. महागाई मात्र ओसरली नाही. कामगारांनी पन्नास टक्के वाढ मागितली, मालक वीस टक्क्यांवर अडून बसले. गांधीजींनी हिशेब तपासून पस्तीस टक्के योग्य ठरविले. मालकांचे पुढारी शेठ अंबालाल साराभाई, तर कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन! २२ फेब्रुवारीला गिरण्यांना टाळे लागले.

साबरमतीच्या काठी बाभळीच्या झाडाखाली रोज सभा भरे, रोज एक पत्रक निघे. प्रतिज्ञेतील दंगा न करण्याचे कलम कोणीही सुचविले असते. खरी मेख पुढच्या कलमात होती: कामावर जाणाऱ्यालाही त्रास द्यायचा नाही. संपात पहिली काठी पडते ती मालकावर नव्हे, आपल्याच आळीतल्या संपफोड्यावर. आणि भीक मागायची नाही, दुसरी मजुरी करून पोट भरायचे, हेही बंधन होते. आश्रमात बांधकाम चालू होते. तेथे कामगार वाळूच्या टोपल्या वाहू लागले, अनसूयाबेनही डोक्यावर टोपली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. रिकामा हात लवकर उगारला जातो, हे त्या मंडळींनी नेमके ओळखले होते.

१२ मार्चला वीस टक्के मान्य असणाऱ्यांसाठी दरवाजे उघडले. उपाशी माणसे डळमळली, कामावर जाणाऱ्यांवरची त्यांची नजर बदलली. तुम्हांला काय, तुम्ही मोटारीतून येता आणि पोटभर जेवता, अशी कुजबुज चाळींत सुरू झाली. ती कानावर आल्यावर गांधीजींनी १५ मार्चला उपोषण आरंभिले. त्याने कामगार सावरले. पण मालक स्नेही असल्याने त्यांच्यावर दडपण आले. हा दोष गांधीजींनी स्वतःच कबूल केला आहे, आणि आमच्या मतेही तो लहान नव्हे.

१८ मार्चला तोड निघाली. पहिल्या दिवशी पस्तीस टक्के, म्हणजे कामगारांची प्रतिज्ञा राहिली. दुसऱ्या दिवशी वीस, म्हणजे मालकांची. पुढे निवाड्यापर्यंत साडेसत्तावीस. पंच आनंदशंकर ध्रुव यांनी अखेर पस्तीस टक्केच दिले. १९२० साली मजूर महाजन स्थापन झाले, आणि तंटा आधी लवादापुढे नेण्याचा पायंडा तेथे पडला.

तडजोडीनंतर मालकांनी त्याच झाडाखाली मिठाई वाटावयास घेतली. एकवीस दिवस शिस्त पाळलेल्या रांगा तेथे मोडल्या. धक्काबुक्की होऊन मिठाई पायदळी तुडविली गेली. चौकशीअंती कळले की वास लागून शहरातले भिकारी गर्दीत घुसले होते. उरलेली मिठाई दुसऱ्या दिवशी अंबालालशेठांच्या मिर्झापूरच्या बंगल्याच्या आवारात वाटण्यात आली.