अनंतवात ते पाचवा मज्जातंतू



या स्मृतिव्याख्यानासाठी मी एकाच व्याधीचा इतिहास निवडला आहे. तोंड धुताना किंवा घास चावताना गालात अकस्मात विजेचा लोळ उठावा, काही क्षणांत शमावा आणि पुन्हा उठावा, अशी ही वेदना. आजचे वैद्यक तिला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणते.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील ‘अनंतवात’ तिच्या बराच जवळचा आहे. मान, भुवई, शंखप्रदेश यांतील तीव्र वेदना आणि गालाचे स्फुरण ही लक्षणे तेथे आहेत. उपाय सिरावेधाचा, आहारात घृतपूरासारखी पक्वान्ने. घारीवर जीव टाकणाऱ्या सुरतकरांना हे पथ्य जड जाऊ नये!

१६७० च्या दशकात इंग्रज कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर याच सुरतेच्या वखारीत होता. युरोपीय वैद्यांचा भरही तेव्हा रक्तमोक्षणावर आणि रेचकांवरच असे. त्याच दशकात, डिसेंबर १६७७ मध्ये, पॅरिसला इंग्रज राजदूताच्या पत्नीस हाच विकार जडला. तिच्यावर उपचार करणारा वैद्य म्हणजे पुढे तत्त्वज्ञ म्हणून विख्यात झालेला जॉन लॉक. दात काढूनही तिची वेदना थांबली नव्हती. लॉकने झटक्यांचे वर्णन बारकाईने लिहिले, रेचके दिली आणि लंडनच्या वैद्यमित्रांचा सल्ला मागितला.

दुखणे गालात, मूळ मात्र कवटीच्या आत. हे उमगण्यास अडीच शतके लागली. १९३० च्या दशकात वॉल्टर डँडी यांना शस्त्रक्रियेत पाचव्या मज्जातंतूच्या मुळाशी रक्तवाहिनी टेकलेली दिसली. पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून तेच पाहिले आणि ती वाहिनी बाजूस सारून मध्ये लहानशी गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. माझ्या मते या इतिहासातील खरे वळण हेच. तत्पूर्वी १९६२ मध्ये ब्लोम यांनी अपस्माराचे कार्बामाझेपिन येथेही गुणकारी असल्याचे दाखविले. आजही आरंभ त्यानेच होतो. मात्र गुंगी, रक्तातील सोडियम घटणे, क्वचित त्वचेची घातक प्रतिक्रिया यांवर लक्ष ठेवावे लागते. औषध पुरेनासे झाले की प्रकृती धडधाकट असल्यास जॅनेटांची शस्त्रक्रिया. वार्धक्यात सुईवाटे उष्णतेने किंवा ग्लिसरॉलने मज्जातंतू बधिर करणे, अथवा गॅमा किरणे. या पर्यायांत गाल बधिर राहू शकतो आणि वेदनाही परतू शकते.

निदान अजूनही मुख्यतः रुग्णाच्या कथनावरच ठरते. एमआरआय करतात तो गाठ वा अन्य विकार नाही ना, हे पाहण्यासाठी, आणि वाहिनी कोठे टेकली आहे हे कळण्यासाठी. ते कथन कोणी नीट ऐकले नाही, तर लॉकच्या रुग्णेप्रमाणे आजही निरोगी दाढा उपटल्या जातात.