काठिण्यतीव्रतादर्शक क्रियाविशेषणे (इंग्रजी)

‘डिफिकल्ट’, ‘हार्ड’ या विशेषणांना लागून काम किती अवघड आहे हे ठसवणारे शब्द. उदा., ‘एक्स्ट्रीमली’, ‘टेरिब्ली’, ‘फीन्डिशली’, ‘नोटोरियसली’.

वर्गीकरण : क्वर्क, ग्रीनबॉम, लीच व स्वार्टव्हिक यांच्या १९८५ च्या बृहद्‌व्याकरणात तीव्रता वाढवणाऱ्या शब्दांचे दोन पोटगट आहेत : थेट टोक गाठणारे (‘अटर्ली’) आणि नुसती पायरी चढवणारे (‘टेरिब्ली’). ‘इम्पॉसिबल’ला ‘व्हेरी’ चालत नाही, कारण अशक्यतेत कमीजास्त नसते. तिथे ‘ॲब्सोल्यूटली’ किंवा ‘व्हर्च्युअली’ लागते. ‘नोटोरियसली’ मात्र वेगळ्या जातीचा. तो काठिण्य मोजत नाही, त्याची बदनामी सांगतो.

इतिहास : हे शब्द वापरून झिजतात आणि नवे येतात. जुन्या इंग्रजीतला ‘स्विद’ (मूळ अर्थ ‘जोराने’) मागे पडला. आजचा ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधून आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘खरा’ एवढाच होता. अठराव्या शतकात ‘व्हास्टली’ची लाट आली. लॉर्ड चेस्टरफील्डने १७५४ साली ‘द वर्ल्ड’ या नियतकालिकात तिची टर उडवली : एका उच्चभ्रू बाईंना तपकिरीची इवलीशी सोन्याची डबी ‘व्हास्टली’ सुंदर वाटते, का, तर ती ‘व्हास्टली’ लहान आहे! ‘व्हास्ट’ म्हणजे अफाट, हे बाईंच्या गावीही नव्हते.

काठिण्याचे शब्द बहुतेक भीती, छळ आणि सैतान यांच्याकडून उसने घेतलेले. ‘एक्सक्रूशिएटिंगली’च्या मुळाशी लॅटिनमधला क्रूस आहे. ‘फीन्ड’ जुन्या इंग्रजीत साधा शत्रू होता. पुढे सैतान झाला. लंडनच्या ‘द टाइम्स’ने २००४ मध्ये सुडोकू सुरू केले, त्याच्या ‘डिफिकल्ट’च्या वरच्या पायरीला नाव आहे ‘फीन्डिश’. त्याहून अवघड कोडे आले, तेव्हा ‘सुपर फीन्डिश’ म्हणावे लागले. एवढ्या एका सदरात झिजेची सगळी प्रक्रिया पाहायला मिळते.

‘हार्डली’चे नशीब उलटे : ‘कष्टाने’वरून तो ‘जेमतेम’वर उतरला आणि आता ‘हार्ड’च्या मदतीला येऊ शकत नाही.

शैलीविचार : स्ट्रंक व व्हाइट यांच्या शैलीपुस्तिकेत (१९५९) ‘व्हेरी’सारख्या शब्दांपासून दूर राहण्याचा सल्ला आहे. तो सरसकट पाळावा का, याबद्दल मतभेद आहेत.

मराठी : ‘भयंकर अवघड’, ‘महाकठीण’, बोलीत ‘जाम अवघड’.