टोपीखालचा आवाज : कोबायाशी कियोशी आणि जपानमधल्या आवाजाच्या व्यवसायाचा इतिहास

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने जपानी ॲनिमेतल्या एका आवाजावर व्याख्यान का द्यावं, असं काहींना वाटलं असेल. वाटणं साहजिक आहे. पण आवाज नेमका कुणाचा, हा प्रश्न आज एकदम तातडीचा झालाय. ज्याच्या घशातून तो निघतो त्याचा? ज्या पात्राच्या तोंडी तो बसतो त्याचा? की ज्याने पैसे मोजून तो ध्वनिमुद्रित केला त्याचा? हा प्रश्न नुसता हवेत सोडवायचा नसेल, तर एखादी खरी कारकीर्द समोर ठेवावी लागते. म्हणून आज कोबायाशी कियोशी. जपानी पद्धतीप्रमाणे मी आडनाव आधी घेतोय.

कोबायाशींचा जन्म 1933 चा, निधन 2022 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी. तुमच्यातल्या तरुण मंडळींनी ‘डेथ नोट’ पाहिलं असेल, तर त्यातल्या वातारी या म्हाताऱ्याचा आवाज यांचा. पण जपानमध्ये त्यांचं नाव घेतलं की एकच पात्र आठवतं, जिगेन दाइसुके. ‘लुपिन तिसरा’ या मालिकेतला नेमबाज, चोर लुपिनचा जोडीदार. डोळ्यांवर ओढलेली टोपी, टोकदार दाढी, ओठांत वाकडी झालेली सिगारेट, कमरेला रिव्हॉल्व्हर. 1969 मध्ये या मालिकेची एक प्रायोगिक फिल्म झाली, तेव्हापासून 2021 पर्यंत या पात्राला कोबायाशींनी आवाज दिला. बावन्न वर्षं. मध्ये एक खंड पडला, त्याच्याकडे मी येणारच आहे, कारण तो फार बोलका आहे.

आता हा माणूस या पात्रापर्यंत पोचला कसा, ते पहा. मूळ चित्रकथा 1967 पासून एका साप्ताहिकात येऊ लागली. चित्रकार ‘मंकी पंच’ या टोपणनावाने काढायचे. त्यांनी जिगेन बेतला तो अमेरिकन नट जेम्स कोबर्नवरून, विशेषतः ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ या 1960 च्या चित्रपटातल्या त्याच्या कमी बोलणाऱ्या सुरीबाजावरून. आणि हा चित्रपट तरी कशावरून? कुरोसावांच्या 1954 च्या ‘सेव्हन सामुराई’वरून. त्यातला अबोल तलवारबाज क्युझो, तोच अमेरिकेत जाऊन सुरीबाज झाला. म्हणजे जपानी सामुराई अमेरिकेला गेला, गुराख्याचे कपडे घालून परत आला आणि टोपी-सूट चढवून चित्रकथेत शिरला. त्याला आवाज द्यायची वेळ आली तेव्हा कोबायाशींची निवड अगदी सरळ होती. जपानी दूरचित्रवाणीवर कोबर्न बोलायचा तो पुष्कळदा कोबायाशींच्याच आवाजात! प्रेक्षकांच्या कानात कोबर्न म्हणजे हाच आवाज होता.

पण मग अमेरिकन नट जपानीत बोलत का होते? इथे थोडा इतिहास पाहिला पाहिजे. जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली 1953 मध्ये. मोठ्या चित्रपट कंपन्यांना हा नवा प्रतिस्पर्धी नको होता. आपले नट दुसऱ्याकडे जाऊ द्यायचे नाहीत असा करार त्यांनी आपसात केलेला होताच, आणि 1956 पासून आपले चित्रपटही दूरचित्रवाणीला देणं त्यांनी थांबवलं. वाहिन्यांकडे वेळ होता, दाखवायला काही नव्हतं. मग अमेरिकन मालिका आल्या, ढिगाने आल्या. चित्रपटगृहात लोक खाली लिहिलेली अक्षरं वाचायचे. पण घरातल्या छोट्या पडद्यावर ती अक्षरं वाचणार कोण? लहान मुलं, म्हातारी माणसं, हातातलं काम करत बघणारे लोक. त्यामुळे जपानी आवाज चढवणं भाग पडलं.

चित्रपटांतले तारे करारात अडकलेले. उरले कोण? नाटकवाले. टोकियोच्या नाटकमंडळ्यांत रंगभूमीवर पोट न भरणारे कितीतरी चांगले नट होते. त्यांना हे काम मिळालं. सुरुवातीच्या काळात तर हे सगळं थेट प्रक्षेपणात चालायचं. पडद्यावर परदेशी चित्र, समोर संहिता हातात धरलेले नट, आणि चुकलं तर चूक तशीच घरोघरी जायची. कोबायाशी याच वाटेने आलेले, नाटकाचेच. लुपिनला आवाज देणारे यामादा यासुओ हेही रंगभूमीचे, आणि दूरचित्रवाणीवरचे क्लिंट ईस्टवुडचे जपानी आवाज. पहिल्या मालिकेत तलवारबाज गोएमोनला आवाज देणारे ओत्सुका चिकाओ हे चार्ल्स ब्रॉन्सनचे. 1971 च्या ऑक्टोबरमध्ये ‘लुपिन’ची पहिली मालिका सुरू झाली तेव्हा चित्रातल्या चोरांच्या तोंडून जणू अख्खं हॉलिवूड जपानी बोलत होतं. मालिका मात्र 23 भागांतच आटोपली. प्रेक्षक कमी पडले. पुनःप्रक्षेपणात ती लोकांना आवडली, आणि 1977 मध्ये आलेली दुसरी मालिका 155 भाग चालली.

आता या आवाजाकडे वळू. खर्जातला आवाज म्हणजे काय? शरीरशास्त्राच्या भाषेत गोष्ट सोपी आहे. प्रौढ पुरुष बोलतो तेव्हा स्वरतंतू सेकंदाला साधारण 100 ते 150 वेळा कंप पावतात. तंतू लांब आणि जाड असले की कंपनं कमी, आवाज खाली. ही देणगी आहे, कमाई नाही. पण नुसत्या देणगीवर बावन्न वर्षं निघत नाहीत. जिगेनचं चित्र आठवा. त्याचे डोळे बहुतेक वेळा दिसतच नाहीत. त्या काळच्या दूरचित्रवाणीच्या ॲनिमेमध्ये चित्रं मोजून काढायची, तोंडाच्या हालचालीला साधारण तीन आकार, मिटलेलं, अर्धं उघडं, उघडं. चेहऱ्यावर भाव दाखवायला डोळे असतात, ते टोपीने झाकलेले. मग राग, काळजी, थट्टा, मैत्री हे सगळं दाखवायचं कुणी? आवाजाने. आणि पात्र तर अबोल! म्हणजे थोड्या शब्दांत, आवाज न चढवता, सगळं सांगायचं. कोबायाशींनी हे केलं ते विरामांनी, वाक्याच्या शेवटी सोडलेल्या श्वासाने, शब्द किंचित उशिरा उचलून. आवाज दाणकन आदळण्याचा मोह त्यांनी टाळला. खालच्या पट्टीतला माणूस ओरडू लागला की ती पट्टी उगीच वाया जाते.

ही मंडळी स्वतःला काय म्हणवून घ्यायची, हेही महत्त्वाचं आहे. जपानीत या व्यवसायाला ‘सेइयू’ असा शब्द आहे, आवाजाचा नट. पण त्या पिढीतल्या पुष्कळांना हा शब्द रुचत नसे. आम्ही नट आहोत, आवाज हे नटाच्या कामातलं एक काम आहे, असं त्यांचं म्हणणं. यात अहंकार होता का? थोडा असेल. पण पोटाचा प्रश्नही होता. ‘आवाज’ म्हटलं की तो वस्तू होतो, एकदा विकत घेतला की कितीही वेळा वाजवा. ‘नट’ म्हटलं की त्याने केलेलं काम होतं, आणि कामाचा मोबदला मागता येतो. मालिका पुन्हा पुन्हा दाखवल्या जात होत्या आणि नटाला पैसे मिळत होते एकदाच. 1973 च्या ऑगस्टमध्ये हे नट संघटनेच्या झेंड्याखाली टोकियोच्या रस्त्यावर उतरले, संपही झाला, आणि परदेशी चित्रपटांच्या आवाजाचा मोबदला सुमारे तिप्पट झाला. पुनःप्रक्षेपणाचे पैसे मिळावेत म्हणून मात्र पुढेही झगडावं लागलं.

आता तो खंड. 1987 मध्ये ‘लुपिन’चा एक नवा चित्रपट आला आणि त्यात सगळ्याच्या सगळ्या मुख्य पात्रांचे आवाज बदललेले होते. खर्च कमी करायचा म्हणून बदलले, असं सांगितलं जातं. जिगेनला आवाज दिला गिंगा बान्जो यांनी. हेही मोठे कलाकार, आणि त्यांचा आवाजही खणखणीत खर्जातला. म्हणजे निव्वळ पट्टीचा हिशेब केला तर काही बिघडायला नको होतं. पण प्रेक्षकांना तो जिगेन आपला वाटेना, आणि 1989 च्या दूरचित्रवाणी-चित्रपटात जुनी मंडळी परत आली. मंडळी, हा माझ्या दृष्टीने एक प्रयोगच आहे, कुणी मुद्दाम न केलेला. चित्र तेच, नाव तेच, टोपी तीच, आवाजाची पट्टीही जवळपास तीच. तरी माणसं म्हणाली, हा तो नव्हे. कागदोपत्री पात्र कंपनीचं होतं. ऐकणाऱ्यांच्या मनात त्याचा एक हिस्सा कोबायाशींकडे होता.

पुढे मृत्यूने तोच प्रश्न पुन्हा विचारला. 1995 च्या मार्चमध्ये यामादा गेले. त्यांच्या जागी कुरिता कानइची आले. कुरिता मूळचे नकलाकार, लुपिनची नक्कल करण्यात प्रसिद्ध. म्हणजे पहिलं उत्तर असं निघालं की आवाज जपायचा तर त्याची नक्कल जपा. 2011 मध्ये आणखी तीन मुख्य पात्रांचे आवाज एकदम बदलले, आणि जुन्यांपैकी कोबायाशी एकटे उरले. 2014 मध्ये जिगेनलाच नायक करून एक चित्रपट निघाला. कोबायाशी तेव्हा 81 वर्षांचे! पात्राचं वय वाढत नव्हतं, आवाजाचं वाढत होतं. शेवटच्या वर्षांत त्यांचे उच्चार पूर्वीसारखे धारदार राहिले नव्हते, कानाला ते कळायचं. तरी लोक ऐकत राहिले.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये सहावी मालिका सुरू झाली. तिच्या आधी एक खास भाग दाखवला गेला, क्रमांक शून्य. नाव होतं ‘जिदाई’, म्हणजे काळ, जमाना. तो कोबायाशींचा निरोपाचा भाग. पुढच्या भागापासून जिगेन बोलू लागला तो ओत्सुका आकिओ यांच्या आवाजात. ‘घोस्ट इन द शेल’मधला बातो आणि ‘मेटल गियर सॉलिड’ या खेळातला स्नेक ज्यांनी ऐकलाय त्यांना हा आवाज ठाऊक आहे. हे आकिओ म्हणजे मघाशी सांगितलेल्या चिकाओंचे चिरंजीव. 1971 मध्ये वडील ज्या टोळीत गोएमोन होते, त्याच टोळीत पन्नास वर्षांनी मुलगा जिगेन झाला. आणि ही नक्कल नव्हती बरं का. आकिओंचा आवाज आकिओंचाच राहिला. त्यांनी उचलला तो जिगेनचा संयम.

‘मिलिंदप्रश्ना’त राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दृष्टान्त येतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, निराळीही म्हणता येत नाही. एकीच्या आधाराने दुसरी जळते. मला जिगेनचा आवाज असा दिसतो. कोबायाशींचा जिगेन आणि ओत्सुकांचा जिगेन वेगळे आहेत, पण दुसरा पहिल्याशिवाय उभाच राहिला नसता. 1987 मध्ये नेमकं हेच चुकलं होतं. तिथे ज्योत ज्योतीला लावली नाही, जुना दिवा उचलून दुसरा ठेवला. 2021 मध्ये एकाने दिलं आणि दुसऱ्याने घेतलं, आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत.

म्हणून आज यंत्राने आवाज बनवता येतो तेव्हा हा इतिहास उपयोगी पडतो. कुणाच्याही आवाजाचे नमुने गोळा करून त्याच्या तोंडी हवी ती वाक्यं घालता येतात. 2024 मध्ये जपानमधल्या नामवंत आवाज-कलाकारांनी परवानगीवाचून होणाऱ्या या वापराविरुद्ध मोहीम काढली. व्यवसायातल्या संघटनांच्या मागण्या साध्या आहेत. आमचा आवाज वापरायचा तर आम्हाला विचारा, यंत्राचा आवाज असेल तर तसं सांगा, आणि अभिनयाच्या कामात यंत्र आणू नका. 1973 ची मागणी पैशाची होती आणि ही संमतीची आहे, पण मुळाशी मुद्दा एकच आहे. आवाज ही वस्तू नाही, कुणीतरी केलेलं काम आहे.

यंत्र कोबायाशींची पट्टी हुबेहूब काढील, याविषयी मला शंका नाही. काढू दे. पण पट्टी सारखी असून भागत नाही, हे जपानी प्रेक्षकांनी 1987 मध्येच दाखवून दिलंय. अबोल माणसाने एखादा शब्द उशिरा उचलला, तर तो का उचलला याला उत्तर देणारा कुणीतरी त्या टोपीखाली असावा लागतो. आणि तो थकला की आपली जागा कुणाला द्यायची, हे ठरवण्यात त्याचाही शब्द असावा लागतो. मघाच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच : आवाजाची मालकी कागदावर कुणाचीही असो, तो पुढे देण्याचा अधिकार ज्याने तो घडवला त्याच्याकडे राहिला पाहिजे.

आता प्रश्न घेऊ.