'उत्पादक' कोण, हे ठरवतो कोण?

शिष्यवृत्ती, वसतिगृहं, रेशन म्हणजे 'अनुत्पादक खर्च', हा युक्तिवाद आपल्या तोंडावर वारंवार फेकला जातो. त्याला उत्तर देण्याआधी या शब्दाचा इतिहास तपासला पाहिजे.

1776 मध्ये ॲडम स्मिथने श्रमाचे उत्पादक आणि अनुत्पादक असे दोन भाग केले. ज्या श्रमातून विकण्याजोगी, टिकणारी वस्तू तयार होते तो उत्पादक. या हिशेबात घरगडी अनुत्पादक ठरला; पण राजा, धर्मगुरू आणि वकीलही त्याच रांगेत बसले. शब्दाची धार वरच्यांनाही लागत होती.

भारतात ती बोथट झाली. ब्रिटिशांच्या 1911 च्या जनगणनेत 'कच्च्या मालाचे उत्पादन' या वर्गात पहिलीच नोंद होती शेतजमिनीच्या खंडावर जगणाऱ्यांची! भिकारी, बेघर आणि वेश्या यांना मात्र 'अनुत्पादक' गटात टाकलं. नांगराला हात न लावणारा उत्पादनाच्या रकान्यात आणि ज्याला जमीन, काम, प्रतिष्ठा काहीच मिळू दिलं नाही तो समाजावरचा भार.

महार वतन आठवा. सरकारी कामासाठी रात्रंदिवस राबायचं आणि मोबदला काय? तुटपुंजी इनाम जमीन आणि दारोदार मागितलेलं बलुतं. कष्टाची मजुरी भीक म्हणून दिली की कष्टकरीच भिकारी दिसू लागतो. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचं विधेयक आणलं आणि 1937 मध्ये खोती रद्द करण्याचं, ते याच व्यवस्थेविरुद्ध.

त्याआधी 1918 मध्ये लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखवलं होतं की शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसांचा भार आहे, त्यामुळे श्रम वाया जातात आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण हा आहे. म्हणजे रिकामे हात हा माणसाचा दोष नसून अर्थरचनेचा आहे. पुढे 1947 मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी सर्वोच्च उत्पादकता आणि संपत्तीचं न्याय्य वाटप ही दोन्ही उद्दिष्टं एकाच कलमात मांडली. वाटपाशिवाय उत्पादकतेची भाषा त्यांनी केली नाही.

म्हणून मित्रांनो, कोणी 'तुम्ही अनुत्पादक' म्हणालं तर लाजू नका, चिडूही नका. उलट विचारा: गटार कोण साफ करतं, ऊस कोण तोडतं, रस्ते कोण बांधतं? आणि त्याच्या मुलाने शिकावं यासाठीचा खर्च वाया गेलेला कसा?

जय भीम!