उपडोमेन

संगणक-जालावरील एखाद्या मुख्य नावाच्या (डोमेनच्या) अखत्यारीत निर्माण केलेले दुय्यम नाव. या नामपद्धतीची रचना टपालाच्या पत्त्यासारखी असते. रायगड किनाऱ्यावर नागाव हे गाव अलिबाग तालुक्यात आहे, तसेच उरण तालुक्यातही आहे. पत्त्यात तालुका लिहिल्यामुळे घोटाळा टळतो. डोमेन-नामातही लहानाकडून मोठ्याकडे असाच क्रम असून एकच शब्द दोन निरनिराळ्या नावांखाली नांदू शकतो.

प्रारंभी ही सोय नव्हती. अमेरिकेतील आर्पानेट या जालावरील सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत व ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली जाई. संगणक वाढले, तशी ती आवरेनाशी झाली. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या डीएनएस पद्धतीने प्रत्येक शाखेचा कारभार तिच्या धारकाकडे सोपविला. भारताची ‘डॉट इन’ ही शाखा १९८९ मध्ये अस्तित्वात आली.

रायगड जिल्ह्याचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९८१ पर्यंत त्याचे नाव कुलाबा असे होते व मुंबईतील कुलाब्याशी त्याची गल्लत होई. नवे नावही सर्वस्वी निर्वेध नव्हते. कारण छत्तीसगडमध्ये रायगढ जिल्हा आहे आणि २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत महाराष्ट्रातील रायगडही ‘रायगढ’ असाच छापला गेला. जिल्ह्याचे संकेतस्थळ पूर्वी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘निक डॉट इन’ या नावाखाली होते; पुढे ते ‘गव्ह डॉट इन’ खाली आले. दोन्ही जिल्हे आता या एकाच नावाखाली असून त्यांना वेगळे ठेवणारा फरक शेवटच्या रोमन अक्षरांपुरताच आहे.

उपडोमेन स्थापन करणे म्हणजे मुख्य नावाच्या नोंदवहीत एक ओळ वाढविणे. ‘ए’ नोंद नावाला ३२ बिटांच्या अंकपत्त्याशी, ‘एएएए’ नोंद १२८ बिटांच्या अंकपत्त्याशी जोडते. ‘सीनेम’ नोंद नावाला दुसऱ्या नावाचे उपनाम ठरविते. अशा नावाला अन्य सामान्य नोंदी देता येत नाहीत. ‘एनएस’ नोंदीने संपूर्ण उपशाखाच दुसऱ्या नामसेवकाच्या स्वाधीन होते. प्रत्येक नोंदीसोबत ती किती सेकंद स्मरणात ठेवावी हे दिलेले असते; म्हणून केलेला बदल सर्वत्र तत्काळ दिसत नाही. नोंद केवळ वाट दाखविते. त्या नावाने आलेली मागणी ओळखण्याची तजवीज संकेतस्थळाच्या सेवकसंगणकावर वेगळी करावी लागते.

दुर्लक्ष होते ते नोंद काढून टाकण्याकडे. भाड्याच्या जागेवरील संकेतस्थळ बंद झाले, पण उपनामाची नोंद तशीच राहिली, तर ती जागा मिळविणारा परका इसम मूळ संस्थेच्या नावाने हवा तो मजकूर दाखवू शकतो. शासकीय नावावर विसंबून अर्ज व कागदपत्रे देणाऱ्या नागरिकाला हा बदल कळण्याचा मार्ग जवळजवळ नसतो.

२०१४ पासून ‘डॉट भारत’ या शाखेत देवनागरी नावे घेता येतात. तेथे ‘ड’ व ‘ढ’ हा भेद लिपीतच राहतो. नोंदवहीत मात्र अशी नावे ‘एक्सएन’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या रोमन सांकेतिक रूपात लिहिली जातात.